दहावं नाव

जून लागला की भारती धकातेचा आवाज बसतो. दरवर्षी बसतो. कॉलेजच्या ऑफिसातल्या तीन नंबरच्या खिडकीमागं बसून सकाळी साडेनऊपासून संध्याकाळपर्यंत एकच वाक्य चारशे वेळा म्हटलं, तर कोणाचाही बसेल. "ओरिजिनल आणले का? झेरॉक्स नाही चालत." ओरिजिनल म्हणजे बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला, ज्याला आपल्याकडं लहान पोट्टंही टीसीच म्हणतं. ती टीसी हातात पडली की भारती तिच्यावर पेन्सिलीनं नंबर टाकते, मागच्या लोखंडी कपाटात ठेवते आणि किल्ली फिरवते. संपला विषय. मग त्या पोरीचं नाव दुसऱ्या कोणत्याही कॉलेजच्या यादीत येवो, मूळ टीसीशिवाय तिला तिथं कोणी उभं करत नाही. ती तीन वर्षं इथलीच.

कॉलेज नागपूरच्या कडेला, वाडीतलंच, अमरावती रोडला लागून. पुढं ट्रकांची रांग, मागं गोदामं, मधे ही चार मजल्यांची काचेची इमारत. संस्थेच्या सचिवांनी आठ-नऊ वर्षांपूर्वी बीकॉमच्या जोडीला बीबीए सुरू केलं आणि दर्शनी भिंतीवर हा मोठा बोर्ड चढवला: 'एमबीएची पहिली पायरी इथेच!' आता पायरी आहे म्हणता तर असेल बापा. पण त्या पायरीवर शिकवायला चार विषयांना मिळून एकच सर, तेही तासावर, आणि दुपारी दोननंतर ते दुसऱ्याच कॉलेजात असतात. लायब्ररीच्या खोलीत बॅनरचे बांबू ठेवलेत. हे भारतीला दिसत नव्हतं असं नाही. ती काय आंधळी आहे? पण अकरा वर्षं कंत्राटावर काढलेल्या बाईला मत असून चालत नाही. दर जुलैत तिच्या कागदावर सचिवांची सही होते, तेव्हा कुठं पुढचं वर्ष मिळतं.

यंदा मे महिन्यात सचिवांनी सगळ्या स्टाफला बोलावलं. कूलरच्या समोर स्वतः बसले आणि म्हणाले, "प्रत्येकानं बीबीएच्या दहा ॲडमिशन आणायच्या. शिपाई असो की प्राध्यापक. ज्याच्या दहा होणार नाहीत, त्याची सही मी कशाला करू?"

झालं. नागपूरचा मे महिना, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि ही बाई डोक्याला दुपट्टा गुंडाळून गल्लोगल्ली फिरते आहे. बारावी झालेली पोट्टी कोणाकडं आहे, याची चौकशी करते आहे. लोक पाणी द्यायचे, पंखा लावायचे, पण पोरगी द्यायचे नाहीत. "पाहू ना बाई, रिझल्ट तर लागू द्या." एका घरात, थकूनच असेल, तिच्या तोंडून निघून गेलं, "अवं, माही स्वतःची काजल इथंच येऊन राहिली बीबीएले. वाईट असतं तर मी घातलं असतं का माह्या पोरीले?" समोरच्या बाईचा चेहरा एकदम सैल पडला. कपाळावरच्या आठ्या गेल्या. तिनं चहा टाकला आणि नवऱ्याला हाक मारली.

त्यानंतर ते वाक्य भारतीनं सोडलंच नाही. घरोघरी तेच, आणि जून उजाडल्यावर खिडकीतही तेच. आई म्हणते तर खरंच असणार, असं लोकांना वाटायचं. त्यांचं तरी काय चुकलं?

आणि काजलला यातलं काहीच माहीत नव्हतं.

काजलला एमबीए करायचं होतं, हे मात्र खरं. तेही आजच्या पोट्ट्यांना सगळ्यांनाच काहीतरी करायचं असतं तसं नाही. तिचा बाप सुशील वाडीतल्याच एका मोठ्या गोदामात मालाच्या चढ-उतारावर देखरेख करतो. बावीस वर्षं झाली. कोणता ट्रक माल चढवायच्या कुठल्या फळीला लावायचा, कोणता माल शेवटी भरायचा म्हणजे उतरवताना वर येईल, हे त्याला झोपेतही विचारा. दोन वर्षांपूर्वी तिथं नवा मॅनेजर आला. वय सत्तावीस, एमबीए. काजल डबा घेऊन गेली तेव्हा तिनं पाहिलं, तो पोरगा खुर्चीत बसलेला आणि तिचा बाप समोर उभा राहून त्याला गोदाम समजावून सांगतोय, "हो सर, हो सर" करत. पोरगा वाईट नव्हता. त्यानं सुशीलला बसाही म्हटलं होतं. सुशीलच बसला नाही. काजल घरी आली, आणि रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, मी एमबीए करन."

मग ती त्याच मॅनेजरकडं गेली विचारायला. धीट पोरगी. त्यानं सांगितलं, मोठ्या एमबीएवाल्यांना बीबीएच लागतं असं काही नाही, कोणतीही पदवी चालते. पण दहावीपासूनचे मार्क पाहतात, प्रवेश परीक्षेला गणित पक्कं लागतं, आणि मुलाखतीत तीन वर्षं काय केलं ते खोदून विचारतात. "कॉलेजच्या बोर्डावर काय लिहिलंय ते पाहू नको," तो म्हणाला. "वर्गात शिकवतं कोण ते पाहा. आणि एक प्रश्न विचार, तिथली मुलं पाच वर्षांनी कुठं आहेत?"

काजल कामालाच लागली. चार कॉलेजं स्वतः पाहून आली. तिला पसंत पडलं ते लकडगंजच्या पलीकडचं एक जुनं कॉलेज. साधं बीकॉम. भिंतींचा रंग उडालेला, बाकं करकरणारी, पण सांख्यिकी शिकवणाऱ्या मॅडम वीस वर्षं तिथंच, आणि लायब्ररी संध्याकाळी सातपर्यंत उघडी. वाडीहून दोन बस. पहिल्या यादीत तिचं नाव थोडक्यात हुकलं. दुसरीची ती वाट पाहत होती.

रोज संध्याकाळी ती आईला विचारायची, "आई, तुह्या कॉलेजातले पोट्टे पाच वर्षांनी कुठं असतात वं? कोणी गेलं का एमबीएले?"

आणि भारती म्हणायची, "उद्या पाहू वं काजल. आज बोलायचा जोर नाई."

सुशील भाताचा घास तोंडाकडं नेत म्हणायचा, "आईलेच विचार. मले काय समजते त्यातलं?" आणि विषय तिथंच राहायचा.

खरं तर त्या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या कॉलेजात एकट्या भारतीजवळ होतं. सर बदलत होते, प्राचार्य बदलत होते, खिडकीमागं हीच. पास झालेली पोरं कधी डुप्लिकेट मार्कशीटसाठी, कधी कुठल्याशा नोकरीच्या शिक्क्यासाठी परत येतात ती हिच्याचसमोर. ती विचारते, "काय करून राहिला गा आता?" आणि ते सांगतात. ऐकून ऐकून तिला सगळ्यांचं ठाऊक. फक्त आजवर तिला कोणी विचारलं नव्हतं. आता विचारलं ते पोटच्या पोरीनं, आणि ती उद्यावर ढकलत होती.

दहा जूनपर्यंत भारतीची नऊ नावं झाली. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता, त्यावर स्टाफमधल्या प्रत्येकाच्या नावाखाली एक ते दहा रकाने, पोरांच्या नावांसाठी आणि फोन नंबरांसाठी. दहावा काही भरेना. दोन घरं हो म्हणून फिरली. तिसऱ्यानं दारच उघडलं नाही. सचिव येता-जाता खिडकीजवळ थांबून म्हणायचे, "धकाते मॅडम, एकच राहिली ना?" हसूनच म्हणायचे.

अठरा तारखेला सकाळी काजल आंघोळीला गेली होती. भारतीनं घरातली पेटी उघडली, लेकीची टीसी काढली, पर्समध्ये घातली. ऑफिसात आल्यावर पेन्सिलीनं नंबर टाकला, कपाटात ठेवली, दहाव्या रकान्यात लिहिलं: काजल सुशील धकाते. स्टाफच्या पोरीला फी अर्धी आहे, जागा धरून ठेवली तर काय बिघडलं, असं स्वतःला समजावलं. पुढंमागं काढता येते. घरी सांगायचं राहून गेलं. राहून कसलं जातं? सांगितलंच नाही.

भारतीचं स्वतःचं तरी काय झालं होतं म्हणा. उमरेडला तिचे वडील बाबनराव हातमागावर लुगडी विणायचे. मागावरचं लुगडं उतरवलं तरी उभे धागे मुळापासून कापत नाहीत, वीतभर टोकं ठेवतात, आणि नव्या लुगड्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला पीळ देऊन जोडतात. दीड-दोन हजार धागे. ते काम घरातल्या पोरीचं, म्हणजे भारतीचं. बोटाला राख लावायची आणि बसायचं. बारावी झाल्यावर तिला नागपूरला यायचं होतं शिकायला. बाबनराव म्हणाले, "दारात कॉलेज असताना दूर कायले जातं? जवळचं ते बरं." सकाळी तीन तास कॉलेज, दुपारपासून धागे. ती बीए झाली. कोणत्या विषयात, हे तिला कोणी आजवर विचारलं नाही, आणि विचारलं तर तिलाही क्षणभर आठवावं लागेल. कमाल ही, की वीस-बावीस वर्षांनी स्वतःच्या लेकीच्या वेळी तिच्याही मनात पहिला शब्द तोच आला होता. जवळचं.

तेवीस तारखेचा सोमवार. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही, नुसता घाम. दुपारचा दीड वाजला होता. डबा तसाच पडला होता. फोन ड्रॉवरमध्ये, कारण खिडकीवर फोन दिसला की सचिव चिडतात. भारतीनं मान खाली घालूनच हात पुढं केला.

"टोकन?"

"सत्तेचाळीस," पलीकडून आवाज आला.

तिनं वर पाहिलं. काजल उभी होती. केस घामानं कपाळाला चिकटलेले.

"तू? इथं काय करून राहिली? घरी जा. संध्याकाळी बोलू."

"संध्याकाळी तू बोलत नाईस," काजल म्हणाली. "म्हणून टोकन घेतलं. शिपायानं लाइनीतूनच ये म्हटलं. एक तास उभी आहे."

मागं वीस-पंचवीस माणसं. काजलच्या अगदी मागं मौद्याचे रुपराव उभे होते, हातात प्लास्टिकची पिशवी, शेजारी त्यांची मयुरा. भारतीनं त्यांना ओळखलं. शनिवारी येऊन गेले होते, झेरॉक्स घेऊन. तिनंच त्यांना परत पाठवलं होतं, ओरिजिनल आणा म्हणून.

काजलनं आवाज खाली आणला. "माही टीसी कुठं आहे, आई? दुसऱ्या यादीत नाव आलं. आज चार वाजेपर्यंत ओरिजिनल घेऊन बोलावलं. सारी पेटी उपसली मी. तुले सहा फोन केले."

भारतीची नजर मागच्या कपाटाकडं गेली. काजल म्हणाली, "मागचे काका आताच मले सांगत होते. म्हणे ह्या खिडकीतल्या मॅडम लय चांगल्या, त्यायची स्वतःची पोरगी इथंच बीबीएले आहे." मग तिनं विचारलं, "कोणती पोरगी वं?"

लाज वाटणं म्हणजे काय, ते भारतीला तेव्हा समजलं. नियम तिला तोंडपाठ होता: ॲडमिशन रद्द करायला अर्ज, अर्जावर सचिवांची सही, आणि सचिव आज भंडाऱ्याला. सांगून टाकता आलं असतं. उद्या ये, म्हणता आलं असतं. अकरा वर्षं तिनं कितीतरी रडणाऱ्या आयांना असंच सांगितलं होतं आणि त्या मुकाट्यानं परत गेल्या होत्या.

"मले एकच सांग," काजल म्हणाली. "रोज विचारून राहिली मी. आता टोकन घेऊन विचारते. इथले पोट्टे पाच वर्षांनी कुठं आहेत?"

भारतीनं बसलेल्या आवाजात सांगायला सुरुवात केली. आवाज बारीक होता म्हणूनच मागची माणसं पुढं सरकली. "पहिल्या बॅचचे एकोणतीस होते. दोघं मोबाईलच्या दुकानात. एक बँकेच्या वसुलीत फिरते. सहा-सात पोरींची लग्नं झाली. एकजण तुह्या बाबाच्याच गोदामात खोक्यावर स्टिकर लावते. तिघांनी पुन्हा पहिल्यापासून बीकॉम केलं, दुसऱ्या कॉलेजात. बाकीचे घरी."

"आणि एमबीए?"

"एकानं केलं. इथंच शेजारच्या इमारतीत, आपल्याच संस्थेचं. तो सध्या आपल्याच ऑफिसात आहे, एक नंबरच्या खिडकीवर." तिनं श्वास घेतला. "तू म्हणतं तसल्या मोठ्या ठिकाणी कोणीच नाई गेलं. एकही नाई."

एक नंबरच्या खिडकीवरचा पंकज आपल्या कीबोर्डकडं पाहत राहिला.

भारती उठली. गुडघा धरून उठली. कपाट उघडलं आणि गठ्ठ्यातून टीसी काढली. दार सताड उघडं होतं, आणि खिडकीतून काजलला आतला कागद सरळ दिसत होता. आईचं अक्षर तिला ओळखू येणारच. भारती धकाते, खाली एक ते दहा.

"मी दहावी?" काजलनं विचारलं.

"हाव."

"मले विचारलंही नाई."

"नाई विचारलं," भारती म्हणाली. तिला पुढं बरंच सांगता आलं असतं, सही, जुलै, अर्धी फी. तिनं काहीच सांगितलं नाही. पेन्सिलीचा नंबर रबरानं खोडला आणि टीसी खिडकीतून बाहेर दिली. "नाक्यावरून बर्डीची बस घे. बर्डीवर उतरली की लकडगंजची. झोपू नको बसमध्ये. पोचली की फोन करजो."

काजलनं टीसी फाईलमध्ये घातली. ती आईवर चिडली होती, आणि आईच्या बंद डब्याकडंही तिचं लक्ष गेलं होतं. "जेवून घे," एवढंच म्हणाली आणि निघाली.

भारती खुर्चीत बसली. सवयीनं हात पुढं गेला. "टोकन?"

"अठ्ठेचाळीस." रुपराव पुढं आले. पिशवी अजून त्यांच्या छातीशी होती. साधा माणूस, दोन एकर धान, शिवाय वीज कारखान्यात कंत्राटी काम, आजची पाळी बुडवून आला होता. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "ते तुमचीच पोरगी होती ना?"

"हाव."

"तुम्ही शनिवारी म्हणाल्या होत्या का ते इथंच आहे. म्हणून मी आलो. नाईतर आमाले काय समजते?" त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मंग आता माह्या मयुराचं काय करू? तिले बी एमबीएच करायचं आहे म्हणते."

मयुरा बापाच्या कोपराआडून पाहत होती. शहाऐंशी टक्के. काजलपेक्षा पाच जास्त. शनिवारी झेरॉक्सवर पाहिले होते भारतीनं ते मार्क, आणि तरी म्हटलं होतं, सोमवारी या.

"खोटं बोलली मी तुमाले, भाऊ," ती म्हणाली. "टीसी पिशवीतच राहू द्या. माही पोरगी आत्ता नाक्यावर बसची वाट पाहत असन, पिवळी ओढणी आहे, तिच्यासंग जा. त्या कॉलेजात रिकाम्या जागांची अजून एक यादी लागते, तिचा फॉर्म भरा. मार्क आहेत पोरीजवळ. आणि नाव लागल्याबिगर ओरिजिनल कोणाच्या हाती द्यायचे नाई. कोणी कितीही गोड बोलून मागितले तरी."

"तुम्ही मागितले तरी?" रुपरावांनी विचारलं.

"मी मागितले तरी."

ते गेले. एकोणपन्नास नंबरचा माणूस पुढं यावं की नाही या विचारात जागेवरच उभा होता. पंकज हळू आवाजात म्हणाला, "धकाते मॅडम, सचिव सर पाच वाजता येतात भंडाऱ्याहून." तो तिला धाक घालत नव्हता. त्याला तिची काळजीच वाटत होती.

भारतीनं घड्याळ पाहिलं. दोनला दहा कमी. तिनं कपाटाच्या दारावरचा कागद काढून समोर ठेवला, ड्रॉवर उघडून फोन घेतला आणि आपल्या दहांतल्या पहिल्या नावापुढचा फोन नंबर लावला.

"हॅलो? मी भारतीबाई बोलून राहिली, कॉलेजातून. हाव, तीच. तुमच्या पोरीची टीसी घेऊन जा. नाई, कागद काही कमी नाई... अवं, माही काजल इथं नाई शिकून राहिली, म्हणून म्हणते. आजच या. पाच वाजेपर्यंत किल्ली माह्याजवळ आहे."

तिनं फोन ठेवला आणि दुसरा नंबर लावला.